परसातला माग : विजेचा आणि ओलीचा इतिहास

विणकामाला सूत आणि माग यांखेरीज आणखी दोन गोष्टी लागतात : माग हलवणारी शक्ती आणि सुताला तुटू न देणारी ओल. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव आणि सोलापूर येथे विसाव्या शतकात घराच्या पडवीत, परसात किंवा घराला लागून उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये जो यंत्रमाग उद्योग वाढला, त्याचा इतिहास बहुधा यांपैकी पहिल्या गोष्टीच्या अंगाने, म्हणजे तेलाचे इंजिन, वीजजोडणी, वीजदर आणि भारनियमन या क्रमाने सांगितला जातो. शेडमधल्या हवेची ओल आणि गारवा यांचा विचार त्यात क्वचितच येतो. वस्तुतः हातमागाच्या घरात या दोन्ही गरजा एकाच जागी भागत होत्या. यंत्रमागाने त्यांची फारकत केली, विजेने पहिली गरज पुरती भागवली, आणि दुसरी भागवण्याचा खर्च कोणाच्याच हिशेबात न धरला गेल्यामुळे तो शेडमध्ये बारा बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अंगावर पडला.

हातमागाचा जुना आणि सर्वत्र आढळणारा प्रकार म्हणजे खड्डामाग. जमिनीत खड्डा खणून विणकर त्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर ठेवतो, आणि पावडी दाबली की उभ्या धाग्यांचे दोन थर एकमेकांपासून दूर होऊन त्यांच्यामधून धोटा, म्हणजे आडव्या धाग्याची कांडी वाहून नेणारा लाकडी तुकडा, पलीकडे फेकता येतो. या रचनेत माग चालवणारी शक्ती विणकराच्या पायांची आणि हातांची असते, हे उघडच आहे. पण ताणा, म्हणजे हे उभे धागे, जमिनीच्या अगदी जवळ पसरलेला असल्यामुळे खड्ड्यातली आणि सारवलेल्या भुईतली ओल त्याला आपोआप मिळते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. कापसाचा तंतू ओल शोषून घेतो आणि ओलसर असताना तो अधिक बळकट होतो. शिवाय ताण्याच्या धाग्यांना खळ लावून ते ताठ व गुळगुळीत करण्याची जी क्रिया पांजणी म्हणून ओळखली जाते, तीत धाग्यावर चढलेला खळीचा थर कोरड्या हवेत ठिसूळ होऊन झडू लागतो आणि धागा वारंवार तुटतो. सुती विणकामाला साधारण ७५ ते ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते, असा वस्त्रतंत्राचा दंडक आहे. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावू शकते, तिच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेली वाफ. जाड मातीच्या भिंती, लहान झरोके, धाब्याचे किंवा कौलांचे छप्पर आणि जमिनीतला खड्डा यांमुळे विणकराच्या घराला जो गारवा लाभत असे, तो सुताला आणि माणसाला एकाच वेळी उपयोगी पडत होता, आणि त्यासाठी वेगळा पैसा मोजावा लागत नव्हता.

वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या गिरण्यांना हा गारवा नव्याने निर्माण करावा लागला, आणि तो निर्माण करताना सुताची सोय व माणसाची सोय यांतले अंतर प्रथम उघड झाले. इंग्लंडमधल्या लँकशायरच्या विणाई विभागांत ताणा तुटू नये म्हणून हवेत वाफ सोडण्याची प्रथा पडली होती. गरम आणि दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे कामगारांनी या प्रथेविरुद्ध गाऱ्हाणी मांडली, आणि १८८९ साली सुती कापडाच्या कारखान्यांपुरता वेगळा कायदा करून तापमानानुसार हवेत किती ओल असावी याची कमाल मर्यादा ठरवण्यात आली. भारतात मुंबईच्या गिरण्यांना समुद्राची ओलसर हवा आयतीच मिळत असे. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र तसे घडणे शक्य नव्हते. म्हणूनच १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेल्या जमशेटजी टाटा यांच्या नागपूर येथील एम्प्रेस मिलमध्ये हवेत ओल सोडणारी यंत्रे तुलनेने लवकर बसवली गेली. आज ज्याला वातानुकूलन म्हणतात त्याचा इंग्रजी शब्दही वस्त्रोद्योगातूनच आला : अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट येथील गिरणी-अभियंता स्टुअर्ट क्रेमर याने १९०६ मध्ये तो सुताच्या संदर्भात वापरला. सूत विणण्याजोगे राहावे यासाठी हवेची मशागत करणे, असा त्याचा आशय होता, आणि माणसाला गार वाटणे हा त्यातला दुय्यम भाग होता.

गिरणीच्या इमारतीतही हा विचार दिसून येतो. विणाई विभागाचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे केले जाई आणि प्रत्येक दात्याच्या उत्तरेकडच्या उभ्या बाजूला काच बसवली जाई. त्यामुळे दिवसभर सारखा उजेड मिळे, पण थेट ऊन आत येत नसे. छताची उंची, भिंतींची जाडी, ओल सोडणाऱ्या नळ्या आणि आर्द्रता मोजणारे ओले-सुके तापमापक ही सगळी व्यवस्था शेकडो मागांच्या मोठ्या भांडवलावर उभी होती. यंत्रमाग गिरणीतून बाहेर पडून लहान गावात आला तेव्हा माग तेवढा आला, ही व्यवस्था मागेच राहिली.

हे स्थलांतर महाराष्ट्रात सर्वप्रथम पंचगंगेच्या काठी झाले. घोरपडे घराण्याच्या इचलकरंजी जहागिरीत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या कारकिर्दीत उद्योगांना उत्तेजन देण्याचे धोरण होते, आणि १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसवला. त्या काळी लहान गावात वीज नव्हती, त्यामुळे आरंभीचे माग तेलाच्या इंजिनावर चालवावे लागत. इंजिन एका बाजूला, छताखाली आडवा लांब लोखंडी दांडा, त्या दांड्यावर ओळीने चाके आणि प्रत्येक चाकावरून खाली मागापर्यंत उतरणारा चामड्याचा पट्टा, अशी रचना असे. या दांड्याला कारागीर लाईन शाफ्ट म्हणत. पट्टा तुटला तर एक माग थांबे, इंजिन बिघडले तर सगळेच थांबत, आणि एका मागासाठीही संपूर्ण दांडा फिरवावा लागे. दोन-चार मागांच्या धन्याला ही रचना परवडण्याजोगी नव्हती. त्यामुळे यंत्रमाग गिरणीबाहेर पडला, तरी घराच्या परसापर्यंत पोहोचायला त्याला विजेची वाट पाहावी लागली.

पश्चिम महाराष्ट्रात औद्योगिक वीज मोठ्या प्रमाणावर आली ती सह्याद्रीच्या पावसातून. टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळ्याच्या परिसरात पाणी साठवून ते घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहात सोडले आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृहे सुरू झाली. भिऱ्यासाठी मुळशीत बांधलेल्या धरणाखाली मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, हे या विजेच्या जमाखर्चातून वगळता येत नाही. ही वीज आरंभी मोठ्या गिरण्यांसाठी होती. लहान शेडच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली ती निकोला टेस्ला याने १८८८ मध्ये पेटंट घेतलेली प्रवर्तन मोटर, म्हणजे फिरत्या भागाला तारेने वीज न देता चुंबकीय क्षेत्राच्या बळावर तो फिरवणारी मोटर. तिच्या पिंजऱ्यासारख्या साध्या प्रकारात घासणारे ब्रश नसतात, त्यामुळे ठिणगी उडत नाही, आणि जेथे कापसाचे तंतू सतत हवेत तरंगतात तेथे ठिणगी नसणे हा मोठाच गुण ठरतो. प्रत्येक मागाला स्वतःची लहान मोटर जोडता येऊ लागली तेव्हा लाईन शाफ्ट अनावश्यक झाला, आणि दोन मागांचा कारखानाही व्यवहारात शक्य झाला.

भिवंडी आणि मालेगाव येथे यंत्रमागाचा प्रसार १९३० च्या दशकापासून दिसू लागतो. या दोन्ही गावांत उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांच्या वस्त्या होत्या. १८५७ नंतरचा काळ, दुष्काळ आणि हातमागाची ओढग्रस्ती यांमुळे ही कुटुंबे दक्षिणेकडे सरकली होती. सोलापुरात तेलुगू भाषिक पद्मशाली समाज पूर्व भागात वसला होता आणि माग व घर एकाच छपराखाली ठेवण्याची त्याची रीत होती. गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने माग विकत घ्यायचे, घरातल्या हातमागाच्या जागेवरचा खड्डा बुजवायचा, वर सिमेंटचा कोबा करून त्यावर लोखंडी माग रोवायचा, अशा पद्धतीने हे परिवर्तन घडत गेले. बुजवलेल्या खड्ड्याबरोबर ओलीचा नैसर्गिक साठाही नाहीसा झाला, पण मागाचा वेग कित्येक पटींनी वाढल्यामुळे त्या नुकसानीकडे लक्ष देण्याचे कारण कोणाला वाटले नाही.

स्वातंत्र्यानंतर या बदलाला धोरणाची बाजू आली. कानुनगो समितीने १९५४ साली हातमागांचे क्रमाने यंत्रमागांत रूपांतर करावे असे सुचवले, तर पुण्याचे अर्थतज्ज्ञ दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ मध्ये हातमागावरचा रोजगार टिकवण्यासाठी गिरण्या व यंत्रमाग यांची वाढ रोखावी असा उलट कौल दिला. सरकारी कागदावर हा वाद चालू असताना वीज मात्र गावोगावी पोहोचत होती. १९४६ मध्ये बंगळूरमध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांमुळे देशी मोटर मिळू लागली, १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले, आणि त्याच दशकाच्या आरंभी कोयनेची वीज वाहू लागली. थ्री फेजची जोडणी, म्हणजे तीन तारांतून ठरावीक अंतराने येणारा आणि मोटर सहज फिरवणारा प्रवाह, परसातल्या शेडपर्यंत आली की घरधनी यंत्रमागधारक होत असे. भांडवल कमी असलेल्या धारकाला व्यापारी सूत पुरवतो आणि विणाईची मजुरी देतो; इचलकरंजीच्या बोलीत अशा धारकाला खर्चीवाला म्हणतात. मजुरी मीटरवर किंवा पिकांवर, म्हणजे मागाने घातलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर ठरत असल्यामुळे माग किती वेळ चालतो यालाच सगळे महत्त्व आले.

विजेने शेडचे कायदेशीर रूपही बदलले. १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार यांत्रिक शक्ती वापरणारी आणि १० किंवा अधिक कामगार असलेली जागा कारखाना ठरत असे. शक्ती वापरली नाही तर ही संख्या २० होती. म्हणजे मोटर बसवताच तीच जागा निम्म्या कामगारसंख्येवर कारखाना ठरण्याची शक्यता निर्माण होई. या अधिनियमाचे १३ वे कलम पुरेशी खेळती हवा आणि सुसह्य तापमान यांची सक्ती करत असे, तर १५ वे कलम कृत्रिम रीतीने हवेत ओल सोडण्याचे नियम घालून देत असे. ओलीसाठी वापरायचे पाणी सार्वजनिक पुरवठ्याचे, पिण्याजोग्या स्रोताचे किंवा नीट शुद्ध केलेले असावे, असेही त्यात म्हटले होते. परंतु एकच शेड मधे भिंत घालून बाप, मुलगा आणि भाऊ यांच्या वेगवेगळ्या नावांवर दाखवले की प्रत्येक भाग दहाच्या आत राही, आणि ही दोन्ही कलमे दाराबाहेरच थांबत. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही संख्या शक्तीसह २० आणि शक्तीविना ४० अशी दुप्पट केली, त्यामुळे अशा लहान शेडांना कायद्याच्या कक्षेबाहेर राहण्यासाठी भिंत घालण्याचीही गरज कमी झाली.

या शेडमध्ये उष्णता किती साठते, याचा साधा हिशेब मांडता येतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. समजा २४ माग आहेत आणि प्रत्येकाची १ अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने चालते, तर एकूण शक्ती सुमारे १८ किलोवॅट होते. मागाने केलेले काम धोट्याच्या धडकेत, दात्यांच्या घर्षणात आणि थरथरण्यात विरून अखेरीस उष्णतेतच रूपांतरित होते. म्हणजे १ हजार वॅटच्या १८ शेगड्या बंद खोलीत अखंड पेटत ठेवल्यासारखी ही अवस्था आहे. त्यावर पत्रा तापून खाली झिरपणारी उन्हाची धग वेगळी. गिरणीचे उत्तराभिमुख काचेचे छप्पर परवडत नसल्यामुळे लहान शेडवर लोखंडी किंवा सिमेंटचा पन्हळी पत्रा घातला जातो, आणि जागा वाचवण्यासाठी त्याची उंची कमी ठेवली जाते. खिडक्याही बहुधा बंद असतात, कारण वाऱ्याने ताण्याचे धागे विस्कटतात व सुकतात. याच कारणाने मागावर पंखा लावण्यालाही विरोध होत आला : पंखा माणसाच्या अंगावरचा घाम वाळवतो, पण खळही वाळवतो आणि साठलेले कापसाचे तंतू सगळीकडे उडवतो.

म्हणून शेडमधला गारवा पाण्यानेच आणावा लागला. जमिनीवर पाणी शिंपडणे, भिजवलेली पोती मागांच्या मधल्या वाटेत अंथरणे, पत्र्यावर चुना फासणे किंवा पाचट पसरणे, हे उपाय घरगुती आणि स्वस्त होते. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता शोषून घेते. १ लिटर पाण्यामागे ही उष्णता विजेच्या मापाने सुमारे ०.६८ युनिट भरते. वर सांगितलेल्या २४ मागांची केवळ मोटरींची उष्णता शोषायची म्हटली तरी तासाला सुमारे २६ लिटर, म्हणजे बारा तासांच्या पाळीला ३०० लिटरहून अधिक पाणी हवेत जिरवावे लागेल, आणि ते जिरण्यासाठी आतली ओलसर हवा बाहेर जाऊन बाहेरची कोरडी हवा आत यावी लागेल. खिडक्या बंद ठेवून पाणी शिंपडले तर ओल वाढते, सूत टिकते, पण धग हटत नाही. लँकशायरच्या विणकरांनी ज्याबद्दल गाऱ्हाणे केले तीच अवस्था पत्र्याखाली पुन्हा निर्माण होते.

येथे गावागावातला फरक महत्त्वाचा ठरतो. सोलापूर आणि मालेगाव येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, पण हवा कोरडी असते, त्यामुळे वाळ्याच्या किंवा लाकडाच्या किसाच्या ओल्या जाळीतून हवा ओढणारा कूलर तेथे ओल आणि गारवा दोन्ही देऊ शकतो. भिवंडी खाडीच्या जवळ आहे. तेथे हवेत आधीच इतकी वाफ असते की नव्या वाफेला जागा थोडी उरते. सुताला ही हवा मानवते, म्हणून समुद्रालगतचा हा भाग विणाईला सोयीचा मानला गेला, पण माणसाला गार करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय तेथेच सर्वांत कमी चालतो.

ओल आणि वीज एकाच छपराखाली आल्याने आणखी एक धोका उभा राहिला. ओल्या कोब्यावर माणूस अनवाणी उभा असतो आणि त्याच्या हाताखाली लोखंडी माग असतो; अशा वेळी तारेचे आवरण खराब झाले, तर प्रवाहाला जमिनीत जाण्यासाठी माणसाच्या शरीराची वाट सापडते. हे टाळण्यासाठी प्रत्येक मागाचा सांगाडा तांब्याच्या किंवा लोखंडी पट्टीने जोडून ती पट्टी जमिनीत पुरलेल्या धातूच्या पत्र्यापर्यंत नेली जाते आणि त्या पत्र्याभोवती कोळसा व मीठ भरून माती ओलसर राखली जाते. या व्यवस्थेला अर्थिंग म्हणतात. ती चांगली राहण्यासाठी उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतावे लागते. हातमागाच्या घरात जो खड्डा ओल धरून सूत राखत होता, त्याच्या जागी ओल धरून माणसाचा जीव राखणारा दुसरा खड्डा आला. तो मात्र शेडच्या बाहेर, नजरेआड असतो, आणि बाहेर असल्यामुळेच दुर्लक्षिला जातो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर विणाईचे काम झपाट्याने भिवंडीकडे वळले, आणि १९८५ च्या वस्त्रधोरणाने यंत्रमाग व गिरणी यांच्यातला भेद बराचसा पुसून टाकला. शेडांची संख्या वाढली तशी विजेची मागणी वाढली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या भारनियमनाने हा उद्योग विजेवर किती अवलंबून आहे हे दाखवून दिले. २६ जानेवारी २००७ पासून भिवंडीतील वीजवितरण एका खासगी कंपनीकडे सोपवण्याचा देशातला पहिला मोठा प्रयोगही याच पार्श्वभूमीवर झाला. यंत्रमागधारकांच्या सभा आणि निवेदने यांतून वीजदराची सवलत, २७ अश्वशक्तीच्या आतील व बाहेरील जोडण्यांतला फरक आणि थकबाकी हे विषय सतत पुढे राहिले. शेडमधल्या तापमानाबद्दल तशी मागणी उभी राहिली नाही, कारण वीजबिल मालकाच्या हाती येते, तर उष्णतेचे बिल कर्नाटक, तेलंगण, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेल्या मजुराच्या शरीरावर फाडले जाते आणि ते कोणत्याही खात्यात नोंदले जात नाही.

धोट्याऐवजी पट्टीने किंवा हवेच्या झोताने आडवा धागा नेणारे वेगवान माग अलीकडे या गावांत येऊ लागल्यावर चित्र काहीसे बदलले आहे. या मागांचा वेग इतका आहे की हवेतली ओल जरा घसरली तरी ताणा तुटून लाखोंचे यंत्र उभे राहते. म्हणून त्यांच्या शेडमध्ये हवा गाळून, भिजवून आणि फिरवून आणणारी यंत्रणा सुरुवातीपासून बसवली जाते, आणि तेथे काम करणाऱ्यालाही तिचा लाभ होतो. हा गारवा आला तो यंत्राच्या गरजेपोटी, शार्लटच्या अभियंत्याने १९०६ साली योजलेल्या अर्थानेच. साध्या यंत्रमागाच्या शेडमध्ये मात्र दाराशी मोजणीचे एकच साधन टांगलेले असते, ते म्हणजे विजेचे मीटर. ज्या ओल्या-सुक्या तापमापकाने आतल्या हवेची नोंद झाली असती, त्याचा खिळा त्या भिंतीवर अद्याप ठोकला गेलेला नाही.